सरोगसी या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि 'भाडोत्री माता' लिहायचं थांबवता येईल का?

कवडसा_७

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्यांना द्यायची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मी मराठीत लिहिते. इंग्रजी मसुदा येतो, मी मराठी करते, मग समुपदेशक ताई ते समोरच्यांना वाचून दाखवतात आणि लोक कुठे अडखळतात ते मला सांगतात. गेल्या आठवड्यात मी स्वतःच त्यांच्या शेजारी बसले होते. समोर तिघं. नवराबायको आणि नवऱ्याची धाकटी बहीण. वहिनीचं गर्भाशय आजारपणात काढावं लागलंय पण अंडाशय शाबूत आहेत, आणि बाळ ही नणंद पोटात वाढवणार आहे, म्हणजे सरोगसी. तिला स्वतःचा एक मुलगा आहे. (तिघांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये.)

ताई वाचत होत्या आणि ती कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ सरकत होती. 'भाडोत्री माता' या शब्दावर बोट थांबलं. ताई पुढच्या परिच्छेदात गेल्या तरी बोट तिथेच. मग अगदी हळू म्हणाली, "मी भाडं नाही हो घेत." वहिनीने तिचा हात धरला. कोणालाच काही बोलता येईना.

तो शब्द मी लिहिला होता. पेपरात इतकी वर्षं वाचलाय की हाताला आपोआप आला, लिहिताना एकदाही वाटलं नाही की हा वाचणार कोण आहे. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये. तर मला दोन गोष्टी हव्यात, सरोगसी या शब्दाचा मुळातला अर्थ काय आणि तो कुठेकुठे वापरतात, आणि मराठीत त्या बाईला काय म्हणावं.

जुना_चष्मा

चांगला विषय काढलात. मुळापासून बघू. लॅटिनमध्ये सबरोगारे असं क्रियापद आहे, 'सब' म्हणजे खाली किंवा ऐवजी, 'रोगारे' म्हणजे विचारणे, मागणी करणे. रोमन लोकांत एखादा अधिकारी मुदत संपायच्या आत गेला की त्याच्या जागी दुसरा निवडून द्यावा असा प्रस्ताव लोकांच्या सभेपुढे ठेवत, त्याला हे क्रियापद. म्हणजे 'दुसऱ्याच्या जागी रीतसर नेमलेला' हा गाभा. इंग्रजीत सरोगेट शब्द आला तो बिशपने किंवा न्यायाधीशाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसासाठी. न्यूयॉर्क राज्यात मृत्युपत्रं आणि वारशाची प्रकरणं बघणाऱ्या कोर्टाचं नाव आजही सरोगेट्स कोर्ट आहे, त्याचा बाळंतपणाशी काडीचा संबंध नाही.

मुद्दा असा की मूळ शब्दात भाडं नाही, पैसा नाही, पोट नाही आणि आई तर नाहीच. 'ऐवजी' आहे आणि 'नेमणूक' आहे. भाडं आपण घातलं.

रात्रपाळी

माफ करा पण मला एक कळत नाहीये. भावाचं मूल बहिणीच्या पोटात हे कसं काय? नात्याचं काय? मी वाईट हेतूने विचारत नाही, खरंच समजत नाही.

कवडसा_७

विचारलंत ते बरं केलंत, कारण हाच प्रश्न त्यांच्या घरातल्या मोठ्यांनीही विचारला आणि त्यावरून चार दिवस अबोला होता. अंडं वहिनीचं. शुक्राणू भावाचा. दोन्हींचा संयोग प्रयोगशाळेत होतो, तीनपाच दिवसांनी तयार झालेला भ्रूण एका बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. बहिणीचं अंडं यात कुठेच नाही. भाऊ आणि बहीण यांच्या बीजाचा मेळ होतच नाही. तिचं रक्त गर्भाला पोसतं पण वारेतून, दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, आणि बाळाचे जनुक सगळेच्या सगळे दादा-वहिनीचे. ती बाळाची आत्या आहे, आधीही आणि नंतरही.

हे 'सरोगसी' या एका शब्दातून कोणाला कळणार? कोणालाच नाही. म्हणून तर मला नीट शब्द हवेत.

पांढरा_कोट

मी या क्षेत्रात काम करते म्हणून थोडी भर. सरोगसीचे दोन प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ ते एकाच नावाखाली येतात म्हणून. जुन्या प्रकारात सरोगेट बाईचंच अंडं वापरत, पुरुषाचं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडत. म्हणजे बाळ जनुकांनीही तिचंच. याला ट्रॅडिशनल सरोगसी म्हणतात. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९८६ ते १९८८ या काळात गाजलेलं 'बेबी एम' प्रकरण याच प्रकारातलं होतं, बाईने बाळ द्यायला नकार दिला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दुसरा प्रकार जेस्टेशनल, म्हणजे वर सांगितलाय तो, फक्त गर्भ वाढवायचा. हा आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत अंडं आणि शुक्राणूचा संयोग, आल्यावरच शक्य झाला, आणि आयव्हीएफचं पहिलं बाळ १९७८ चं, म्हणजे ही गोष्ट तशी अलीकडचीच. भारतात आता सरोगेटने स्वतःचं अंडं द्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पहिला प्रकार इथे नाहीच.

डॉक्टर लोक हल्ली 'जेस्टेशनल कॅरियर' म्हणतात, मदर शब्द टाळून. मला तो शब्द अजून पचलेला नाही, माणसाला वाहक म्हटल्यासारखं वाटतं, पण त्यात निदान दिशाभूल नाही.

आणि रोज ऐकू येणाऱ्या चुका. "आम्ही सरोगसी करतोय" असं आयव्हीएफ करणारी जोडपी म्हणतात, मूल स्वतःच्याच पोटात वाढणार असतं तरी. "ती सरोगसी आहे" असं बाईबद्दल म्हणतात. सरोगसी ही पद्धत, सरोगेट ही व्यक्ती. अंडं देणारी बाई सरोगेट नाही, तिचा गर्भारपणाशी संबंधच येत नाही. दत्तक म्हणजे तर पूर्णच वेगळं, तिथे मूल आधीच जन्मलेलं असतं. आणि "सरोगसी केली" या वाक्यात करणारा कोण तेच कळत नाही, जोडपंही "सरोगसी केली" म्हणतं आणि पोटात वाढवणारीही तेच म्हणते. एक जण मूल मिळवतोय, दुसरी नऊ महिने गर्भ वाढवतेय, आणि क्रियापद दोघांना एकच!

टेबल_नंबर_४

आमच्या डेटाबेसमध्ये 'सरोगेट की' (key, म्हणजे किल्ली) असते. खऱ्या माहितीतलं काही, म्हणजे नाव किंवा फोन नंबर, ओळखीसाठी न वापरता सिस्टिमने दिलेला एक नुसता आकडा वापरायचा. त्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नसतो, तो फक्त त्या नोंदीच्या वतीने उभा असतो. आणि तुम्ही टाकता त्या बऱ्याचशा इमोजी यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ज्या दोन तुकड्यांत साठवतात त्यांना सरोगेट पेअर म्हणतात. इतकी वर्षं शब्द वापरतोय, त्याचा माणसांशी संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

पांढरा_कोट

औषधांच्या चाचण्यांतही आहे, सरोगेट एंडपॉइंट. म्हणजे खरं मोजायचंय ते 'माणूस जगला का', पण त्याला वर्षं लागतात म्हणून त्याऐवजी बीपी, साखर असं लगेच दिसणारं काहीतरी मोजायचं. यात फसगतही होते. हार्ट अटॅकनंतर काही पेशंटांच्या ठोक्यांत अनियमितपणा राहतो, तो दाबला की मृत्यू कमी होतील असं धरून औषधं दिली जात होती. ठोके खरंच सुधारले. पण १९८९ मध्ये कास्ट नावाच्या चाचणीत दिसलं की त्यातली दोन औषधं घेणारेच जास्त दगावत होते. ऐवजी उभा केलेला तो मूळचा नव्हे, हे आमच्या शाखेत असं शिकवलं जातं.

सांजवेळ

हे सगळं वाचून छान वाटतंय पण मला मूळ प्रश्नाकडे यायचंय. माझी मुलगी सरोगसीने झाली. आता शाळेत जाते. तिला पोटात वाढवणाऱ्या बाईशी आमचा अजून फोन होतो. मला 'भाडोत्री' शब्दाचा त्रास झालाच, पण त्याहून जास्त त्रास 'सरोगसीचं मूल' या शब्दांचा होतो. मूल कसं जन्मलं ते आयुष्यभर त्याच्या नावापुढे का लावायचं, सिझेरियनचं मूल म्हणतो का आपण? लोक विचारतात, "मग खरी आई कोण?" मुलीसमोर विचारतात हो. तिनेच एकदा उत्तर दिलं, "मी मावशीच्या पोटात होते, मग आईकडे आले." तिला सरोगसी शब्द माहीतच नाही आणि तिचं काही अडलेलं नाही. तिला 'मावशी' शब्द मी दिला नव्हता, तिने स्वतःच घेतला.

जुना_चष्मा

सांजवेळ, तुमच्या मुलीने नेमकं सांगितलं. खरं तर 'सरोगेट मदर' या जोडशब्दाचा अर्थच मधल्या काळात उलटा झालाय. १९५० च्या दशकात हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. आईपासून तोडलेल्या पिल्लांना दोन बाहुल्या दिल्या, एक तारेची, एक मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या बाहुलीकडे ठेवलं तरी पिल्लं दिवसभर कापडाच्या बाहुलीला बिलगून बसायची. या बाहुल्यांना तो सरोगेट मदर म्हणाला. म्हणजे तिथे सरोगेट कोण, तर जन्म न दिलेली पण कुशीत घेणारी. त्या अर्थाने आईमागे लेकरं सांभाळणारी मावशी, आजी, या सरोगेट. आज तोच शब्द जन्म देणारीला लागतो, जी पुढे सांभाळणार नाही. मग 'ऐवजी' नेमकं कोण कोणाच्या? शब्दाने हे आधीच ठरवून टाकलंय की आई ती, जिच्यासाठी मूल वाढवलं, आणि पोटात वाढवणारी ऐवजी.

कलम_कागद

आणि हे सगळीकडे तसंच ठरलेलं नाही बरं का. ब्रिटनच्या कायद्यात मूल जिच्या पोटी जन्मलं तीच आई, अंडं कोणाचंही असो. जोडप्याला नंतर कोर्टाकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सरोगेटने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत दिलेली संमती धरत नाहीत, म्हणजे विचार करायला तिला तेवढा वेळ मिळावा.

आपल्याकडचा सरोगसी नियमन कायदा २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यातली व्याख्या साधी आहे: एका स्त्रीने, जन्मानंतर मूल इच्छुक जोडप्याला द्यायचं या हेतूने, त्यांच्यासाठी गर्भ वाढवून मुलाला जन्म देणं. कवडसा, तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे या कायद्याने मोबदला घेऊन सरोगसी करणं हा गुन्हाच ठरवलाय. दवाखान्याचा खर्च, ठरवून दिलेले इतर खर्च आणि सरोगेटचा ३६ महिन्यांचा विमा, एवढंच जोडप्याने करायचं. बाई लग्न झालेली किंवा होऊन गेलेली, स्वतःचं मूल असलेली, वय २५ ते ३५, आणि आयुष्यात एकदाच. तर ज्या कागदात बाई लिहून देते की मी मोबदला घेत नाही, त्याच कागदावर तिला 'भाडोत्री' म्हणणं हे नुसतं कठोर नाही, चुकीचं आहे. मी वकील म्हणून सांगते, तो शब्द त्या कागदावर नकोच.

आणखी दोन गोष्टी पत्रकात ठळक लिहा. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत तिला संमती मागे घेता येते. आणि जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचं जैविक मूल मानलं जातं, पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला. सांजवेळ, कायद्यात तुमच्या मुलीला कुठलंही विशेषण नाही.

(आमच्या विम्याच्या कायद्यात सब्रोगेशन म्हणून एक तत्त्व आहे, भरपाई दिल्यावर विमा कंपनी ग्राहकाच्या जागी उभी राहून दोषी माणसाकडून वसुली करते. तेच लॅटिन मूळ. चष्माकाकांमुळे आज जोडलं गेलं.)

रात्रपाळी

पण आधी पैसे घेऊन होत होतंच ना आपल्याकडे? मग तेव्हा भाडोत्री म्हणणं खोटं नव्हतं.

कलम_कागद

होत होतं, आणि बराच काळ त्यावर थेट कायदा नव्हता. परदेशी जोडपी यायची. २००८ मध्ये जपानी जोडप्याचं बेबी मंजी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मूल जन्मायच्या आधीच नवराबायको वेगळे झाले आणि बाळाच्या प्रवासाच्या कागदपत्रांचाच पेच पडला. पेपरातला 'भाडोत्री' त्या काळात रुजला हे खरंय.

सांजवेळ

तेव्हाही खोटं नव्हतं असं मला नाही वाटत रात्रपाळी. भाड्याने दिलेल्या खोलीला उलट्या होत नाहीत. पाय सुजत नाहीत. आमच्या बाळाला वाढवणारीला सातव्या महिन्यात झोप यायची नाही, ती रात्री उठून बसायची आणि पोटावर हात ठेवून बोलायची त्याच्याशी. मला सकाळी फोन करून सांगायची, काल खूप लाथा मारल्या तुमच्या बाळाने. पैसे मिळाले म्हणून ते भाडं होत नाही. नर्सला पगार मिळतो, तिला आपण भाडोत्री नर्स म्हणतो का? मराठीत भाडोत्री शब्द कशाला लावतात बघा, भाडोत्री गुंड, भाडोत्री सैन्य. म्हणजे ज्यांना काळीज नाही असे.

दूरदेशी_मी

इतर भाषांतही हाच झगडा आहे. जर्मनमध्ये लाइहमुटर, म्हणजे उसनी आई. स्पॅनिशमध्ये विरोधक 'भाड्याचं पोट' म्हणतात आणि बाजूचे लोक सरोगसीवरूनच केलेला शब्द वापरतात, कोण कुठला शब्द वापरतो त्यावरून त्याचं मत कळतं. डचमध्ये 'वाहणारी आई'. फ्रेंचमध्येही बोलताना तसंच म्हणतात पण औपचारिक लिहिताना शब्द आहे तो 'दुसऱ्यासाठी गर्भधारणा'. फ्रान्समध्ये त्याला बंदी आहे, तरी मला शब्द हाच सगळ्यात प्रामाणिक वाटतो कारण त्यात काय घडतं तेवढंच सांगितलंय, आई कोण यावर निकाल दिलेला नाही.

अनघड

मराठीत 'पर्यायी मातृत्व' चालेल का? किंवा 'प्रतिनिधी माता'? बलरामाची गोष्ट तर आपल्याकडे आहेच, त्यातून काही नाव मिळेल का?

जुना_चष्मा

बलरामाची गोष्ट सगळे देतात पण नीट बघितली तर ती सरोगसीची नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात योगमाया देवकीचा सातवा गर्भ ओढून रोहिणीच्या पोटात ठेवते, ओढून काढला म्हणून नाव संकर्षण. पण रोहिणी ही वसुदेवाचीच बायको, आणि तिने मूल जन्मल्यावर देवकीला परत दिलं नाही, स्वतःच आई म्हणून वाढवलं. म्हणजे गर्भ हलवला एवढंच साम्य, देण्याचा भाग नाहीच, आणि सरोगसीत तर देणं हाच गाभा.

त्यापेक्षा जुन्या धर्मशास्त्रातला बीज आणि क्षेत्र हा वाद जास्त जवळचा आहे. पेरणारा एक, शेत दुसऱ्याचं, तर पीक कोणाचं? नियोगातून, म्हणजे नवऱ्याऐवजी नेमलेल्या दुसऱ्या पुरुषापासून, झालेल्या मुलाला क्षेत्रज म्हणत आणि तो क्षेत्राच्या धन्याचा मानत. आजच्या सरोगसीत निकाल बरोबर उलटा, पीक बीजवाल्यांचं. पण ते शब्द मी सुचवणार नाही, बाईला शेत म्हणणं हे भाड्याच्या खोलीपेक्षा काही बरं नाही.

'पर्यायी मातृत्व' मला कोरडं वाटतं, पर्याय म्हणजे हे नाहीतर ते. 'बदली' हा आपला रोजचा शब्द आहे, बदली शिक्षक, बदली कामगार, पण 'बदली आई' कानाला फार वाईट लागतं. मुखत्यार हा अर्थाने सरोगेटच्या सगळ्यात जवळ, तोही इथे चालणार नाही. काही शब्द भाषेत असतात पण त्या जागी बसत नाहीत.

पांढरा_कोट

मी पेशंटशी बोलताना शब्द न वापरता वाक्यच वापरते, "बाळ तुमचं, पोटात या वाढवणार". आजवर कोणाला कळलं नाही असं झालं नाही.

कवडसा_७

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवा मसुदा घेऊन गेले होते. कायद्याच्या रकान्यात 'सरोगेट' तसाच ठेवला, कारण तो शब्द त्यांना पुढे प्रत्येक कागदावर भेटणार आहे, आणि पहिल्यांदा येतो तिथे पुढे लिहिलं, 'म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी स्वतःच्या पोटात गर्भ वाढवणारी स्त्री'. 'माता' काढला. 'भाडोत्री' काढला. जिथे "सरोगसी करणे" होतं तिथे प्रत्येक ठिकाणी कर्ता घातला, जोडपं काय करणार, ती काय करणार. वाक्यं लांबली, पानं साडेचार झाली, पण ताई म्हणाल्या लांब चालतील.

परत बोट कागदावर. त्या जागेवर आल्यावर तिने ते वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवून, आणि पुढे सरकली. मला हायसं वाटतंय तेवढ्यात शेवटच्या पानावर परत थांबली. 'जन्मानंतर बाळाचा ताबा इच्छुक जोडप्याला देण्यात येईल.' म्हणाली, "ताई, ताबा फ्लॅटचा असतो." मी पेन काढलं आणि विचारलं, मग तूच सांग काय लिहू. ती वहिनीकडे बघायला लागली. वहिनीला बोलवेना. दादाच म्हणाला, "ओटीत घालेल असं लिहा ना."

मी तेच लिहिलं. आता कलमताई, एवढंच सांगा, हा शब्द कायद्याच्या कागदात टिकेल का? नसेल टिकत तर खाली कंसात 'सोपवेल' घालते, पण वरचा काढणार नाही.

कलम_कागद

टिकेल. कायद्याचा फॉर्म वेगळा असतो, त्यातली भाषा आपल्याला बदलता येत नाही. तुमचं आहे ते समजावून सांगायचं पत्रक. 'सोपवेल' कंसात घाला आणि 'ओटीत घालेल' राहू दे. फक्त दत्तक देतानाही हेच म्हणतात, तेव्हा हे दत्तक नाही एवढी एक ओळ लगेच खाली टाका.

कवडसा_७

टाकली.